रिकाम्या टाकीतील आग

मुळशीचे नाव निघाले म्हणजे प्रथम आठवण होते ती १९२१ साली सुरू झालेल्या सत्याग्रहाची. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकरी आपल्या भातखाचरांसाठी झगडले. तो लढा अखेर हरला, धरण उभे राहिले, मुळेच्या खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली आणि १९२७ साली त्या पाण्याच्या बळावर घाटाखाली भिऱ्याचे वीजगृह चालू झाले. इतका इतिहास सुशिक्षित कुटुंबांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्यापाठोपाठ घडलेल्या एका साध्या फेरफाराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जेथे बैलगाडीची वाट होती तेथे आता नाव लागू लागली. आणि वल्ह्याच्या नावेमागून यंत्राची नाव आली.

यंत्राची नाव म्हटली की तिच्यात तेलाची टाकी आलीच. ही टाकी पत्र्याची असते. तळाशी साचणाऱ्या पाण्याने तिला गंज चढतो आणि केव्हातरी ती पाझरू लागते. मुंबईच्या गोदीत अशा कामाचे माहीतगार लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सह्याद्रीच्या कुशीतील या मानवनिर्मित सरोवराला तशी परंपरा कोठून असणार? येथील टाकी उतरवावयाची आणि पौड-पिरंगुटच्या रस्त्यावर जो कारागीर नांगराचा फाळ व मालमोटारीचे धुराडे जोडून देतो त्याच्याच पुढे ठेवावयाची, हेच स्वाभाविक होय. धोका उत्पन्न होतो तो याच ठिकाणी. तो का उत्पन्न होतो हे समजण्यास थोडे मागे जावे लागते.

पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर पेशवाईपासून भांडी घडवीत व सांधीत आले. त्यांचा नियम सरळ होता: भांडे रिकामे करावे, कोरडे करावे, मग विस्तवावर धरावे. पाण्याच्या हंड्याला किंवा तुपाच्या घागरीला याहून अधिक सावधगिरीची गरज नसे. पुढे घरोघर रॉकेलचा चार गॅलनांचा डबा आला. तो रिकामा झाला म्हणजे त्याची बादली होई, धान्याची कोठी होई, झोपडीचे छप्परही होई. डबेवाल्या कारागिराने त्याला बिनदिक्कत डाख द्यावी आणि बहुधा काही होऊ नये! याचे कारण कारागिराचे कौशल्य नव्हते. रॉकेल थंड असताना त्याची वाफ पेट घेण्याइतकी निघत नाही, एवढेच ते कारण होते. 'रिकामा डबा म्हणजे निर्धोक डबा' ही समजूत या काळात पक्की झाली असे म्हणण्यास हरकत नाही.

पेट्रोलची प्रकृती निराळी. उणे चाळीस अंशांच्या थंडीतही त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. गॉटलीब डाइमलर याने १८८६ साली जर्मनीतील नेकार नदीवर पेट्रोलची नाव चालवून पाहिली, तेव्हा लोकांना या तेलाचे इतके भय वाटे की, नाव विजेवर चालते असा भास व्हावा म्हणून त्याने तिच्यावर चिनी मातीच्या चकत्या व तारा लावल्या, असे सांगतात. ते भय अगदीच अनाठायी नव्हते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्लंडातील बर्कनहेड येथे दुरुस्तीसाठी आलेल्या 'पेट्रियाना' या तेलवाहू जहाजावर स्फोट झाला. १८९१ साली वेल्समधील न्यूपोर्टच्या गोदीत 'टँकारव्हिल' जहाजाचीही तीच गत झाली. दोन्ही वेळी कामगार प्राणास मुकले, आणि दोन्ही जहाजे तेल भरून चाललेली नव्हती. ती दुरुस्तीस आलेली होती.

भरलेल्याहून रिकामे अधिक घातक, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते. पण तीत गूढ काही नाही. पेट्रोलची वाफ हवेत शेकडा सुमारे १.४ पासून ७.६ पर्यंत असेल तरच ते मिश्रण स्फोट पावते. भरलेल्या टाकीतील मोकळ्या जागेत वाफ इतकी दाट असते की तिला पेटण्यापुरती हवाच मिळत नाही. तेल ओतून टाकले की हवा आत शिरते आणि मिश्रण नेमके घातक प्रमाणावर येते. शंभर लिटरांच्या टाकीत असे मिश्रण व्हावयास दोन चहाचे चमचे पेट्रोल पुरते; आणि तेवढे तर सांध्यांत, गंजाच्या खपल्यांत व आतील आडपडद्यांच्या मागे राहूनच जाते. शिवाय ही वाफ हवेहून तिपटीचौपटीने जड. घरातील गळका डबा अंगणात ठेवला तर वाफ वाऱ्याबरोबर जाते. नावेत ती तळाशी उतरते आणि पाणी साचावे तशी साचून राहते. म्हणून टाकीला हात लावण्यापूर्वी विद्युत्घटाच्या तारा सोडावयाच्या, तळाची हवा खेळती करावयाची आणि टाकी नावेतून बाहेर काढावयाची. नावेतच ती सांधण्याचा मोह कितीही झाला तरी तो आवरावयाचा.

वाफ गेली की नाही हे ओळखावे कसे? नाकाचा भरवसा नाही, कारण थोड्याच वेळात नाक त्या वासाला सरावते. पुष्कळ वर्षे गोदीतील लोक ज्योतीच्या दिव्यांवर विसंबून असत. नंतर अमेरिकेत ऑलिव्हर जॉन्सन या रसायनज्ञाने एक विद्युत् उपकरण सिद्ध केले. त्यात तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेवर वाफेचा लवलेश जळतो, तार अधिक तापते, तिचा रोध बदलतो आणि काटा हलतो. हे काम १९२६-२७ मधले, म्हणजे भिऱ्याला वीज निघू लागली त्याच सुमाराचे. जॉन्सन तेलकंपनीच्या नोकरीत होता व त्याच्यापुढील प्रश्न जहाजांच्या टाक्यांतील स्फोटांचाच होता. आज याच तत्त्वावरचे उपकरण खिशात मावते. मात्र रस्त्यावरील दुकानात ते क्वचितच दिसते.

डिझेलच्या नावांमुळे या प्रश्नास एक नवी कलाटणी मिळाली. १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी निघाली. देशी बनावटीची डिझेल यंत्रे शेतावर पोहोचली तशी पाण्यावरही पोहोचली. डिझेल सहजी पेटत नाही, म्हणून कारागीर पुन्हा रॉकेलच्या काळातील निर्धास्तपणावर आला. पण डाखेची सळई निराळी आणि वेल्डिंगची ज्योत निराळी. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या आतील चिकट थराची वाफ होते आणि पाहता पाहता टाकीत नवे स्फोटक मिश्रण तयार होते. आरंभी केलेली तपासणी तेथे पुरत नाही. काम चालू असताना ती पुन्हा करावी लागते.

जाणत्या लोकांची रीत अशी की, टाकी वाफाऱ्याने किंवा साबणाच्या कढत पाण्याने पुनःपुन्हा धुवावी, सर्व तोंडे उघडी ठेवावी आणि जोडावयाच्या जागेपर्यंत ती पाण्याने भरून घ्यावी, म्हणजे आत वाफेला जागाच उरत नाही. पाणी भरणे शक्य नसेल तर नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड सोडावा. काम झाल्यावर अगदी हलका दाब देऊन साबणाच्या फेसाने सांधे पाहावे. तथापि तळाचा पत्रा सर्वत्र पातळ झाला असेल तर ठिगळ लावण्यात अर्थ नाही. नवी टाकी करणे स्वस्त पडते. तीही डिझेलसाठी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची नसावी, कारण जस्त तेलात उतरून गाळण्या तुंबवते.

कायद्याने या गोष्टीची दखल घेतलेली आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याखाली आज लागू असलेल्या २००२ च्या नियमांप्रमाणे तेलाची टाकी वाफरहित असल्याचा दाखला मिळाल्यावाचून तिच्यावर आगीचे काम करता येत नाही. ही अंमलबजावणी ज्या खात्याकडे आहे त्याचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरासच आहे. मोठ्या साठ्यांवर त्याची नजर असते. एखाद्या नावेची चाळीस-पन्नास लिटरांची टाकी दुचाकीवर बांधून दुकानात नेली तर तेथे कोणता निरीक्षक पोहोचणार? कोकणात पावसाळ्यात नावा किनाऱ्यावर ओढल्या म्हणजे डागडुजीची घाई सुरू होते. मुळशीला तर पावसाळ्यातच जलाशय भरत असतो आणि नाव अडून राहिलेली कोणालाच परवडत नाही. घाई दोन्हीकडे सारखीच.

नवी टाकी बसली की जुनी भंगारात जाते. तेथे गॅसची ज्योत लावून तिचे तुकडे करण्यात येतात, आणि ते करणाऱ्या मनुष्याला तीत पूर्वी काय होते याची वार्ताही नसते. म्हणून काही दक्ष नावाडी टाकी विकण्यापूर्वी ती धुतात, पाण्याने काठोकाठ भरून ठेवतात आणि तीत काय साठवले जात होते ते रंगाने पत्र्यावर लिहून मगच ती हवाली करतात.