तळटीप : ऑल्टमन यांच्यावरचे ‘खटले’

२३. लेखकाने इथे सगळे खटले एकाच दाव्याला बांधले आहेत, त्यामुळे थोडा खुलासा हवा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने डिसेंबर २०२३मध्ये दाखल केलेला दावा स्वामित्वहक्काचा आहे आणि तो ओपनएआय व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांविरुद्ध आहे, ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन त्यात व्यक्तिशः प्रतिवादी नाहीत. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात लावलेला दावाही कंपनीवरच आहे. ऑल्टमन यांचे नाव थेट येते ते इलॉन मस्क यांच्या दाव्यात. २०१५मध्ये ना-नफा म्हणून स्थापलेली ओपनएआय नफ्याच्या वाटेला नेली, असा मस्क यांचा आरोप. हा दावा त्यांनी फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य न्यायालयात लावला, जूनमध्ये मागे घेतला आणि ऑगस्टमध्ये संघीय न्यायालयात पुन्हा गुदरला. मस्क यांची स्वतःची प्रतिस्पर्धी कंपनी आहे, हे वाचताना ध्यानात असू द्यावे.

ऑल्टमन यांच्या सचोटीची चर्चा मात्र न्यायालयाबाहेर आधीच सुरू झाली होती. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी ओपनएआयच्या संचालक मंडळाने, ते आपल्याशी सातत्याने मोकळेपणाने बोलत नाहीत, असे कारण देऊन त्यांना काढले. सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी राजीनाम्याची धमकी दिली आणि आठवड्याच्या आत ऑल्टमन परतले. मंडळातले बहुतेक जण गेले. कंपनीत आपले समभाग नाहीत, असे त्यांनी मे २०२३मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सांगितले होते. मात्र ओपनएआयच्या नावाने चालणाऱ्या गुंतवणूक निधीची कायदेशीर मालकी २०२४पर्यंत त्यांच्याकडे होती. लेखकाने ही बाब गाळली आहे. आमच्या मते ती प्रकरणाला अधिक जवळची आहे. – संपादक