सायकल बाईच्या हाती कशी आली

 

“आता या वयात सायकल शिकायची म्हटली तर कोणती घ्यावी?” असं बाया विचारतात. आज आम्ही त्याचं उत्तर जुन्या गोष्टींत शोधणार आहोत. कारण सायकलीचा आकार आपोआप ठरलेला नाही. ती कोण चालवणार, हे धरूनच तो ठरत गेला.

दीडशे वर्षांपूर्वी विलायतेत सायकलीचं पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच असायचं आणि मागचं अगदी लहान. वर चढायचं म्हणजे कसरतच, आणि पडलं की थेट तोंडावर. त्यामुळे ती धाडसी तरुण पुरुषांचीच राहिली. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली बुटकी सायकल बाजारात आणली. १८८८ साली डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी हवेचं टायर काढलं. ते त्यांनी आधी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी बनवलं होतं. आता पाय जमिनीला टेकू लागले आणि धक्केही कमी बसू लागले. मग लांब झग्यांसाठी मधली दांडी खाली वाकवली, चेन झाकली, मागच्या चाकाला जाळी लावली. हीच आपली लेडीज सायकल. झग्यासाठी केलेली ही सोय साडीलाही लागू पडली.

त्याच काळात अमेरिकेत फ्रान्सिस विलर्ड नावाच्या बाई होत्या. दारूबंदीच्या चळवळीच्या मोठ्या पुढारी. त्या वयाच्या ५३ व्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. रोज सरासरी १५ मिनिटं, असं सुमारे तीन महिने, म्हणजे एकूण २२ तास. तेवढ्यात त्यांना सायकल आली. आपल्यातल्या पन्नाशीच्या बायांनी हा हिशोब ध्यानात ठेवावा.

आपल्या देशात आधी सायकली विलायतेहून यायच्या. स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनिपत, लुधियाना इथं मोठे कारखाने उभे राहिले. १९५१ साली अ‍ॅटलस निघाली, १९५६ साली हीरो. पण खेड्यात पोचली ती काळी, उंच, दांडीची सायकल. तिच्यावर दूधवाला बसला, पोस्टमन बसला, मास्तर बसले. बाई बसली ती मागं कॅरिअरवर. पोरं भाड्यानं सायकल घेऊन कैची मारत शिकली. पोरींना मात्र “पडशील” म्हणून घरातच ठेवलं.

हे चित्र बदललं तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात. १९९१ साली तिथं साक्षरता मोहीम चालू होती. शीला राणी चुंकत या तिथल्या कलेक्टर. त्यांनी सायकल शिकणं हा साक्षरतेचाच भाग केला. अक्षर आलं पण बाहेर पडता आलं नाही, तर त्या अक्षराचा उपयोग किती? शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, गावोगावच्या नर्सबाई, सगळ्या शिकल्या. पुरुषांनी घाणेरडे शेरे मारले, तरी त्या थांबल्या नाहीत. १९९२ मध्ये महिला दिनाच्या सुमारास दीड हजाराहून जास्त बायांनी सायकलींची रॅली काढली. पुढं हा आकडा लाखावर गेला.

तिथली एक गोष्ट मोलाची आहे. लेडीज सायकली अपुऱ्या पडल्या म्हणून बायांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि पुष्कळ जणींना त्याच आवडल्या. का? पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येत होतं. दुकानदाराच्या लेखी बाईची सायकल एक होती आणि बाईच्या कामाची दुसरीच निघाली.

बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी सरकारनं पैसे दिले, आणि दूरच्या शाळेत जाणाऱ्या मुली वाढल्या. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. पण पुढं काय होतं ते आपण पाहतो. पोरगी बारावी झाली की सायकल भिंतीला टेकते नाहीतर भावाकडे जाते. आणि आई मात्र केळीच्या बागेत कामाला, दवाखान्यात, बँकेत पायीच जाते. तीन किलोमीटरला पाऊण तास चालायचं. सायकलीवर तेच अंतर पंधरा-वीस मिनिटांचं आहे.

तर कोणती घ्यावी? सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, ही पहिली अट. सीट वर-खाली होते, ती आधी खाली घ्या. हात बसला की थोडी वर करा. साडी नेसत असाल तर वाकलेली दांडी आणि पूर्ण चेनकव्हर हवं. ब्रेक बोटांत सहज यावेत. ओझं न्यायचं असेल तर मजबूत कॅरिअर आणि दोन्ही बाजूंनी टेकणारं स्टँड घ्या. पावसाळ्यात आपली काळी माती मडगार्डमध्ये गच्च बसते, म्हणून टायर आणि मडगार्ड यांत जागा मोकळी पाहा. गिअरची गरज नाही. गावातला पंक्चरवाला दुरुस्त करू शकेल अशीच सायकल बरी. जुनी चालेल, पण ब्रेक आणि रिम तपासून घ्या. शिकायचं मात्र शाळेच्या मैदानात नाहीतर शेतरस्त्यावर. नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या ट्रकांत नाही.

नवी घेण्याआधी भिंतीला टेकलेल्या पोरीच्या सायकलीत हवा भरून पाहा. गटात अशा दोन निघाल्या तरी दहा जणी पाळीपाळीनं शिकतील. पुदुक्कोट्टईतल्या बायांनी आधी सायकल शिकली, आणि मग आपल्या कामाला कोणती हवी ते स्वतः ठरवलं. आपणही तसंच करू.