शपथेकडून सभेकडे : मालवण किनाऱ्यावरील दारूमुक्तीच्या वाटा

मालवण किनाऱ्यावर दारूचा इतिहास माडापासून सुरू होतो. माडाची न उमललेली पोय दोरीने आवळायची, तिला हलके ठोके द्यायचे, रोज टोक छाटायचे आणि ठिबकणारा रस मडक्यात धरायचा, हे भंडारी समाजाचे पिढीजात काम. पहाटे उतरवलेला रस गोड असतो. ऊन चढते तसा तो फसफसतो आणि माडी तयार होते. ही माडी किंवा काजूच्या बोंडांचा आंबलेला रस भट्टीवर गाळला की कडक दारू मिळते. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने ब्रिटिश मुलखात माड छेदण्यापासून विक्रीपर्यंतचा हा सारा व्यवहार परवाने आणि करांखाली आणला.

दारूला गावरहाटीतही जागा होती. गावाच्या राखणदाराला, देवचाराला सोरो (दारू) आणि विडी ठेवण्याची चाल अनेक गावांनी पाळली. त्यामुळे दारू सोडण्याची जुनी वाटही देवाच्याच दारातून जाई. कोणी देवळात शपथ घेई, कोणी तुळशीची माळ घालून वारकरी होई आणि मांस-मद्य दोन्ही सोडी. माळेमुळे कित्येकांचे संसार सावरले, कारण माळेबरोबर भजन, वारी आणि नवी संगतही मिळत असे. नुसत्या शपथेला असा आधार नव्हता. ती मोडली की देवाचा कोप आणि गावाची लाज दोन्ही डोक्यावर येई, आणि माणूस चोरून पिऊ लागे.

स्वातंत्र्यानंतर कायद्याची वाट आली. मुंबई दारूबंदी अधिनियम 1949 मध्ये झाला आणि 6 एप्रिल 1950 पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. सावंतवाडी संस्थानही नुकतेच त्यात विलीन झाले होते. पलीकडे पोर्तुगीज गोव्यात मात्र दारू खुली होती. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, तरी अबकारी व्यवस्था दोन्हीकडे वेगळीच राहिली. महाराष्ट्राने 1960 च्या दशकापासून बंदी सैल केली, पण करांतला फरक उरला. म्हणूनच 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाल्यानंतरही बांदा-इन्सुलीच्या नाक्यावर पकडलेली ‘गोवा बनावटीची दारू’ ही इथल्या वर्तमानपत्रांतली नेहमीची बातमी आहे. कायदा बाटली अडवू शकतो; तलफ आलेल्या माणसाशी बोलणे हे त्याचे काम नव्हे.

ते काम करणारी तिसरी वाट अमेरिकेत निघाली. 1935 मध्ये ओहायो राज्यातील ॲक्रन येथे शेअर दलाल बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना उभी राहिली. तिचे मूळ पुस्तक 1939 मध्ये निघाले आणि त्यात दारूमुक्तीच्या बारा पायऱ्या मांडल्या गेल्या. भारतात ही चळवळ 1957 मध्ये सुरू झाली आणि मुंबई तिचे मोठे केंद्र बनले. मालवणी मुलखातील असंख्य चाकरमानी त्याच मुंबईत गिरण्या-गोद्यांत राबत होते. पुढे वांद्र्यात फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले आणि बारा पायऱ्यांना योगाची जोड दिली. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या पाठबळावर 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण उभे केले. उपचारांनंतरचा पाठपुरावा आणि पत्नींचे गट हे मुक्तांगणच्या कामाचे महत्त्वाचे अंग ठरले.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या गटाची सभा साधी असते. शाळेचा वर्ग, चर्चचे सभागृह किंवा समाजमंदिर अशा ठिकाणी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी मंडळी जमतात. प्रार्थना होते, संघटनेची ओळख वाचली जाते. मग एकेक जण फक्त पहिले नाव सांगून ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो आणि आपली कथा सांगतो. मध्ये कोणी टोकत नाही, उपदेशही करत नाही. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते. देणे ऐच्छिक असते. बाहेरून देणगी घेतली जात नाही. सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा पुरते. निश्चय जन्मभराचा नसतो, आजच्या दिवसापुरता असतो. पुन्हा घेतली तरी माणूस सभेला परत येऊ शकतो, आणि शपथेहून ही वाट वेगळी ठरते ती इथेच. खुल्या सभेला कोणीही बसू शकते. बंद सभा मद्यपींसाठीच असते. कुटुंबीयांसाठी अल-अनॉनचे वेगळे गट असतात.

गट शोधताना संघटनेच्या मुंबईतील कार्यालयाकडे, व्यसनमुक्ती केंद्राकडे किंवा 14446 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर चौकशी करता येते. वाडीत सगळे सगळ्यांना ओळखत असल्याने काही जण मुद्दाम शेजारच्या तालुक्यातली सभा निवडतात. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र आधी डॉक्टर गाठावा. दारू एकदम थांबवल्यास थरथर, फिट्स, भास होऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकते.

किनाऱ्याच्या दिनक्रमात सभा बसवणे सोपे नाही. खोल समुद्रात गेलेला खलाशी आठवड्याची सभा गाठू शकत नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत वेळच वेळ असतो आणि तोच काळ धोक्याचा ठरतो. गटारी आणि शिमगा हेही कसोटीचे दिवस. अशा वेळी गटातल्या जुन्या सभासदाचा फोन नंबर उपयोगी पडतो.

या पद्धतीची वैद्यकीय तपासणीही झाली आहे. 2020 मध्ये कॉक्रेन संस्थेने 27 अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात बारा पायऱ्यांच्या गटांकडे पद्धतशीरपणे वळवण्याचे उपचार दीर्घकाळ दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीचे किंवा काहीसे सरस ठरले. गट औषधाची जागा घेत नाही. औषधोपचार संपल्यानंतरच्या वर्षांत तो सोबत देतो.