आगमनकाळ म्हणजे काय? नाताळाआधीचे चार आठवडे ख्रिस्ती भाविक नेमकी कशाची तयारी करतात?

डिसेंबर उजाडला की मॉलमध्ये ख्रिसमस ट्री उभी राहतात आणि सोशल मीडियावर शुभेच्छा फिरू लागतात. पण त्याच दिवसांत एखाद्या कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला गेलात तर वेगळंच चित्र दिसतं. धर्मगुरूंच्या अंगावर जांभळी वस्त्रं असतात. एरवी रविवारी गायलं जाणारं 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत वगळलेलं असतं. वेदीवर फुलंही बेतानेच. कोपऱ्यात गोठा बांधलेला असला, तरी त्यातली गव्हाणी बहुतेक ठिकाणी रिकामी असते.

कारण चर्चच्या दिनदर्शिकेनुसार तेव्हा नाताळ सुरूच झालेला नसतो. सुरू असतो तो आगमनकाळ, म्हणजे ॲडव्हेंट.

तारीख दरवर्षी का बदलते?

'आद्वेन्तुस' या लॅटिन शब्दाचा अर्थ येणं, आगमन. २५ डिसेंबरपासून मागे चार रविवार मोजले की आगमनकाळाचा पहिला दिवस मिळतो. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मध्ये कधीही येतो. नाताळ कोणत्या वारी आहे, यावर या काळाची लांबी ठरते. २०२२ मध्ये नाताळ रविवारी होता, त्यामुळे आगमनकाळ पूर्ण २८ दिवसांचा झाला. २०२३ मध्ये तो जेमतेम २२ दिवसांचा होता. त्या वर्षी चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आला, म्हणजे सकाळी आगमनकाळाची शेवटची मिस्सा आणि रात्री नाताळाची पहिली! २०२६ मध्ये पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येतो.

कॅथलिक चर्चचं उपासना वर्षही याच रविवारी सुरू होतं. म्हणजे नवं वर्ष जल्लोषाने नाही, तर वाट पाहण्याने सुरू होतं.

वाट पाहायची ती कुणाची?

'बाळ येशूची' हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. पहिल्या रविवारी चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानात बाळाचा उल्लेखही नसतो. तिथे विषय असतो जगाच्या शेवटाचा, ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याचा आणि त्यासाठी जागं राहण्याचा. एका वर्षी येणाऱ्या वाचनात मालक परगावी गेलेला असतो, तो कधी परतेल ते सांगून गेलेला नसतो आणि दारावरच्या राखणदाराला झोपून चालणार नसतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी योहान बाप्तिस्ता येतो. तो गोड बोलणारा माणूस नाही. वाळवंटात उभा राहून तो लोकांना आयुष्याची दिशा बदलायला सांगतो. बेथलेहेमकडे नेणारी वाचनं खऱ्या अर्थाने सुरू होतात ती १७ डिसेंबरपासून.

बाराव्या शतकातले संत बर्नार्ड यांनी याची सोपी मांडणी केली होती. त्यांच्या मते ख्रिस्ताची आगमनं तीन. एक बेथलेहेममध्ये होऊन गेलेलं, एक काळाच्या शेवटी होणार असलेलं आणि या दोहोंच्या मध्ये, रोज माणसाच्या मनात होऊ शकणारं तिसरं. आगमनकाळातली आध्यात्मिक तयारी मुख्यतः या तिसऱ्या आगमनासाठी असते.

एकेकाळी उपवास होता

आज नाताळाआधीचा महिना म्हणजे केक आणि पार्ट्या. पूर्वी गोष्ट उलट होती. पाचव्या शतकात आजच्या फ्रान्समधल्या तूर इथले बिशप पर्पेटुअस यांनी ११ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत आठवड्यातले तीन दिवस उपवास करण्याचा नियम घालून दिला होता. ११ नोव्हेंबर हा संत मार्टिन यांचा सण, म्हणून पुढे याला 'संत मार्टिनचा उपवासकाळ' म्हटलं गेलं. रोमने हा काळ चार आठवड्यांवर आणला. इटलीतल्या मिलानमध्ये मात्र तिथल्या जुन्या परंपरेनुसार तो आजही सहा आठवड्यांचा आहे.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नाताळाआधी ४० दिवसांचा उपवास असतो. भारतात केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेत १ डिसेंबरपासून २५ दिवसांचा उपवास पाळला जातो. अनेक कुटुंबं त्या काळात मांस-मासे वर्ज्य करतात. महाराष्ट्र आणि गोव्यातले बहुतेक कॅथलिक लॅटिन विधीचे आहेत आणि त्यांच्यावर या काळात उपवासाचं बंधन नाही. उपवास गेला आणि मोकळ्या जागेत बाजार शिरला, असं म्हणणं पूर्ण खरं नसलं तरी फारसं चूकही नाही.

मग तयारी कशी करतात?

कॅथलिक भाविकांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रायश्चित्त संस्कार, बोलीभाषेत कन्फेशन. नाताळाच्या आधीच्या दिवसांत धर्मगुरूंपुढे पापांची कबुली द्यायला चर्चमध्ये रांगा लागतात. ही केवळ औपचारिकता नसते. आधी आत्मपरीक्षण करायचं, कुठे चुकलं ते स्वतःशी मान्य करायचं आणि मग ते दुसऱ्या माणसापुढे शब्दांत सांगायचं, हे सोपं नाही. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याशी बोलणं, वाटणीवरून तुटलेल्या भावाच्या घरी जाणं, हेही याच तयारीत येतं. घराला रंग देण्यापेक्षा हे काम कितीतरी अवघड, आणि म्हणूनच पुढे ढकललं जाणारं.

रोज थोडं बायबलवाचन हा दुसरा भाग. या काळात यशया संदेष्ट्याचा ग्रंथ विशेष वाचला जातो. दानधर्म हा तिसरा. घरोघरी एक साधी प्रथा मुलांना फार आवडते. गव्हाणी रिकामी ठेवायची आणि कुणासाठी काही चांगलं केलं की तिच्यात गवताची एक काडी टाकायची. २४ डिसेंबरपर्यंत बाळाचं अंथरूण किती मऊ होतं, हे घरातल्यांच्या वागण्यावर ठरतं!

काही देशांत अंधारातच उठून चर्च गाठतात. पोलंडमध्ये पहाटे मेणबत्त्यांच्या उजेडात मिस्सा होते. फिलिपिन्समध्ये १६ ते २४ डिसेंबर अशा सलग नऊ पहाटे लोक चर्चमध्ये जमतात.

ज्या घरात त्या वर्षी कुणाचं निधन झालेलं असतं, तिथे डिसेंबरची रोषणाई बोचते. आगमनकाळ त्यांच्याकडून हसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा करत नाही. पाश्चात्त्य देशांतली काही प्रोटेस्टंट चर्चेस तर २१ डिसेंबरच्या सुमारास, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, शोकात असलेल्यांसाठी वेगळी प्रार्थनासभा घेतात.

चार मेणबत्त्यांचं चक्र कुठून आलं?

इन्स्टाग्रामवर दिसणारं हिरव्या फांद्यांचं चक्र फार प्राचीन नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात योहान हिन्रिक विखर्न हे प्रोटेस्टंट धर्मगुरू गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. 'नाताळ कधी येणार?' असं मुलं सारखी विचारत, म्हणून त्यांनी १८३९ मध्ये गाडीच्या जुन्या चाकावर २४ मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या २० लहान लाल. पुढे फक्त रविवारच्या चार उरल्या.

कॅथलिक चर्चमध्ये यातल्या तीन सहसा जांभळ्या आणि एक गुलाबी असते. गुलाबी पेटते तिसऱ्या रविवारी, कारण तो 'आनंदाचा रविवार' मानला जातो. मेणबत्त्यांना आशा, शांती, आनंद, प्रेम अशी नावं देणाऱ्या पोस्ट खूप फिरतात. ती लोकप्रिय प्रथा आहे, चर्चचा नियम नाही. त्यांचा क्रमही ठिकठिकाणी वेगळा असतो.

सगळे ख्रिस्ती आगमनकाळ पाळतात का?

नाही. कॅथलिक, ल्यूथरन, अँग्लिकन परंपरा आणि आपल्याकडचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तो पाळतात. अनेक पेंटेकोस्टल मंडळ्या पाळत नाहीत, कारण बायबलमध्ये असा काळ पाळण्याची आज्ञा नाही.

गोव्यात या संयमाला सुरुवातीलाच सवलत मिळते. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांचं फेस्त आणि ८ डिसेंबरला पणजीतल्या निष्कलंक मातेच्या चर्चचं, दोन्ही आगमनकाळातच येतात. वाट पाहण्याच्या या कल्पनेला मराठीत मोठी जागा दिली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १६१६ मध्ये गोव्यात छापलेल्या त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चा पहिला भाग, 'पहिले पुराण', हा तारणाऱ्याच्या जन्माआधीचीच कथा सांगतो.

२४ डिसेंबरच्या रात्री हे सगळं बदलतं. जांभळी वस्त्रं जाऊन पांढरी येतात, घंटांच्या गजरात ग्लोरिया पुन्हा गायलं जातं आणि रिकाम्या गव्हाणीत बाळाची मूर्ती ठेवली जाते. तिथून सुरू होणारा नाताळकाळ जानेवारीत, प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. त्यामुळे २७ डिसेंबरला कुणी 'मेरी ख्रिसमस' म्हटलं, तर चर्चच्या हिशेबाने तो उशीर नसतो.