सर रजेवर गेले म्हणजे कुठं गेले?

मी अकोल्यात कॉलेजला असताना आमचे मराठीचे सर वर्षभर पगारी अभ्यासरजेवर गेले. आम्ही म्हणायचो, "मजा आहे बापा सरांची!" पुढं कळलं, सर रिद्धपूरला महिना महिना मुक्काम ठोकून महानुभावांच्या पोथ्या उतरवून घेत होते.

ही वाट जुनी आहे. अमरावतीत शिकवलेल्या वि. भि. कोलत्यांनी सांकेतिक लिपीतल्या याच पोथ्यांसाठी हयात घातली. त्यांनी संपादलेलं 'लीळाचरित्र' 1978 मध्ये आलं, तेव्हा ते सत्तरीत होते. असं काम दोन तासांच्या मधात होत नाही.

म्हणूनच हार्वर्डनं 1880 मध्ये सातव्या वर्षीची रजा सुरू केली. यूजीसीच्या 2018 च्या नियमांतही ती आहे: सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षं झाली की एका वेळी एक वर्ष, अख्ख्या नोकरीत दोन.

पण आज घेतं कोण? परवा अमरावतीच्या एका प्राध्यापक मित्राला विचारलं. तो हसला, "जागा रिकाम्या, निम्मे तास तासिकावाले घेतात. मी गेलो तर वर्गावर कोण जाईल?"

रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आलं, आनंदच आहे. पण पोथी वाचणाऱ्याला वर्षभर मोकळं कोण करणार? सांगा बरं.