स्पॅनिश संगीत आणि मुंबई

स्पॅनिश संगीत, मुंबईतील : स्पेनची संगीतपरंपरा आणि तिच्यातून लॅटिन अमेरिकेत वाढलेले नृत्यताल यांचा मुंबईच्या, मुख्यतः चित्रपटांच्या, संगीतात झालेला शिरकाव. गोव्यावर पोर्तुगिजांनी साडेचारशे वर्षे राज्य केले, तेव्हा शेजारच्या स्पेनचे संगीतही त्याच गलबतांतून आले असणार, असा समज सहज होतो. तो फारसा टिकत नाही. गोव्याने मुंबईला वादक दिले. ताल क्यूबाचे होते आणि ते अमेरिकी तबकड्या, हॉलिवूडचे बोलपट व हॉटेलांतले जॅझ बँड यांच्या वाटेने आले.

मूळ परंपरा : स्पेनमध्ये ७११ ते १४९२ या काळात कमीजास्त प्रदेशावर मुस्लिम सत्ता होती, आणि अंदालुसियाच्या गाण्यात अरबी, ज्यू, ख्रिस्ती व जिप्सी असे सगळेच प्रवाह मिसळले. त्यातून घडलेला फ्लामेंको म्हणजे गाणे, गिटार, नाच आणि टाळ्या यांचा एकत्र मेळ; युनेस्कोने २०१० मध्ये त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. त्यातील सोलेआ या प्रकाराचे आवर्तन बारा मात्रांचे, पण वजन ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर पडते. एकतालही बारा मात्रांचाच. मात्र त्याची सम पहिल्या मात्रेवर, तर सोलेआची ओळ बहुधा दहावीवर टेकते. एकताल अंगात भिनलेला माणूस सोलेआला टाळी धरू लागला की पहिल्या दोन आवर्तनांतच गडबडतो. जिप्सींची मूळ रोमानी भाषा हिंद-आर्य कुळातली आहे. तेवढ्यावरून फ्लामेंको हे कथ्थकचे सख्खे भावंड असल्याचे ठोकून देण्याची हौस आपल्याकडे मोठी. भाषेचा धागा पक्का आहे; नाचाचा तितका नाही.

सतराव्या शतकात माद्रिदच्या दरबारात सुरू झालेला सार्सुएला हा बोलता-गाता नाट्यप्रकार; मराठी वाचकाने संगीत नाटक डोळ्यांपुढे आणावे. आजच्या गिटारीचा आकार आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिराने पक्का केला, तिचे वादनतंत्र फ्रान्सिस्को तार्रेगाने बसवले आणि सेगोव्हियाने ती मैफलीत मानाने बसवली.

क्यूबाचे वळण : स्पॅनिश चाली आणि आफ्रिकी गुलामांचे ठेके क्यूबात एकत्र आले. तिथल्या सोन आणि रुंबा या प्रकारांचा कणा म्हणजे क्लावे : दोन लाकडी दांडक्यांचे पाच ठोके. आवर्तनाचे सोळा भाग पाडले तर त्याच्या एका रूपात ते १, ४, ७, ११ आणि १३ वर येतात. पहिले तीन ठोके ताणलेले, पुढचे दोन जवळजवळ. बोंगो ही त्याच घरची जोडी, गुडघ्यांत धरून बोटांनी वाजवायची. उजव्या हाताच्या वादकाची चढी बाजू डावीकडे आणि खर्जाची उजवीकडे असते, म्हणजे तबला-डग्ग्याच्या नेमकी उलट.

मुंबईत आगमन : १९३५ च्या सुमारास अपोलो बंदरच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड अशा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचे बँड वाजू लागले. त्यांच्या बरोबरीने आणि नंतर त्यांच्या जागी गोवेकर आले. चर्चच्या शाळेत सोल्फा आणि व्हायोलिन शिकलेली ही मंडळी धोबीतलाव, माझगावच्या कुडींत, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक बिऱ्हाडांत, उतरत. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांचा धंदा बसला आणि वादकांना सिनेमाच्या रेकॉर्डिंगचा आधार अधिकच वाटू लागला. स्टाफ नोटेशन लिहिता-वाचता येणारे हेच लोक असल्याने ‘अरेंजर’ ही जागा त्यांच्याकडे गेली.

सी. रामचंद्र (१९१८–१९८२) हे या गोष्टीतले मुख्य मराठी नाव. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय गाणे शिकलेले. पण कान तबकड्यांकडे. ‘समाधी’ (१९५०) मधील त्यांचे ‘गोरे गोरे’ हे गाणे कार्मेन मिरांडाच्या ‘डॉल फेस’ (१९४५) या चित्रपटातील एका गाण्यावरून उचललेले आहे, आणि हे झाकण्यात अर्थ नाही. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये मात्र उचलेगिरीच्या पुढची गोष्ट घडली. गोव्याचे ट्रंपेटवादक अंतोनियो वाझ ऊर्फ चिक चॉकलेट साहाय्यक होते. एका गाण्यात ते आपल्या बँडसह, झालरीच्या लॅटिन थाटाच्या सदऱ्यांत पडद्यावरही दिसतात. ‘शोला जो भडके’ पडद्यावर हवाई बेटांचे सोंग आणते, पण बोंगो ऐकावा तर क्यूबाच्या वळणाचा. वर चाल मात्र गुणगुणता येईल अशी देशी. बोंगो, काँगा यांना चित्रपटसंगीतात रुळवण्याचे श्रेय कावस लॉर्ड या पारशी वादकाला देतात. त्यांचे पुत्र केरसी (१९३५–२०१६) आणि बुर्जोर यांनी तो वारसा पुढे नेला. याच रामचंद्रांनी पुढे परळच्या राजकमल कलामंदिराच्या ‘नवरंग’ (१९५९) ला अगदी देशी ढंगाचे संगीत दिले.

‘अलबेला’चे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवान आबाजी पालव (१९१३–२००२) गिरणी कामगाराचे चिरंजीव, दादर-परळच्या कामगारवस्तीत वाढलेले. नाचाचे शिक्षण शून्य. कंबर आणि खांदे किंचित हलवत पुढेमागे सरकणारे त्यांचे पाऊल कोणालाही जमण्याजोगे होते, म्हणून ते पाऊल गणपतीच्या मिरवणुकीत उतरले. मिरवणुकीने उचललेले गाणे मात्र बोंगोचे नव्हे, तर त्याच चित्रपटातले ‘भोली सूरत’. बँडच्या क्लॅरिनेटवर आणि ढोलावर ते सोपे पडते. दादरच्या चाळीखाली मिरवणूक थांबवून बँडवाले ते वाजवीत आणि भगवानदादा खाली येऊन चार पावले टाकीत, ही आठवण पुष्कळांनी सांगितली आहे. २०१६ च्या ‘एक अलबेला’ या मराठी चित्रपटाने ही कारकीर्द पुन्हा पडद्यावर आणली.

पुढे राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात ही लॅटिन वाद्ये ‘साइड ऱ्हिदम’ या नावाखाली मुरली. खाचा पाडलेल्या नळीवर काडी घासून वाजवायचा रेसो-रेसो अमृतराव काटकर यांनी इतका वाजवला की त्या वाद्याबरोबर त्यांचेच नाव घेतले जाते. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ (२०११) मधील ‘सेन्योरिटा’साठी शंकर-एहसान-लॉय यांनी मारिया देल मार फर्नांदेस या स्पॅनिश गायिकेचा आवाज घेतला, टाळ्या आणि गिटार फ्लामेंकोच्या, बाकी बांधणी हिंदी नाचगाण्याची.

गिटारच्या क्लासच्या पाट्यांवरील ‘स्पॅनिश गिटार’ म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन नव्हे ती, एवढेच. ती शिकणाऱ्यांपैकी फ्लामेंको वाजवणारे थोडे. बहुतेकांना हिंदी गाण्यांचे कॉर्ड हवे असतात. धोबीतलावच्या फुर्टाडो या वाद्यांच्या दुकानात (स्थापना १८६५) तिच्या नायलॉनच्या आणि स्टीलच्या तारा वेगवेगळ्या मिळतात. फ्लामेंकोला नायलॉनच्या लागतात.