निराधारचा पगार, रोहयोचं काम आणि 21 हजारांची रेघ

उमरीचा इतिहास म्हटलं की आपण 30 जानेवारी 1948 च्या बँकेवर येऊन थांबतो. मुक्तिसंग्रामाचा अभिमान आहेच. पण आपल्याच गावागावांत एक दुसराही इतिहास चालत आलाय, तो कुणी सांगत नाही. नवरा गेलेल्या, टाकून दिलेल्या आणि लेकरं एकटीनं वाढवणाऱ्या बायकांचा.

जरा मागं जाऊ. पंडिता रमाबाईंनी 1889 ला मुंबईत शारदा सदन काढलं. गोदूबाई ही तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढं 1893 ला धोंडो केशव कर्व्यांनी त्यांच्याशीच लग्न केलं आणि 1896 ला विधवांसाठी आश्रम सुरू केला. 1909 ला रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथं बायका नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या. या लोकांना एक गोष्ट नीट कळली होती: नुसता आसरा देऊन भागत नाही, हाताला कायमचं काम लागतं.

हे सगळं चाललं होतं मुंबई-पुण्याकडं. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो.

आपल्याकडं एकट्या बाईच्या हातात स्वतःच्या नावानं मजुरी आली ती 1972 च्या दुष्काळात. खडी फोडायला, पाझर तलावांवर, रस्त्यांवर बाया हजारोंनी गेल्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा 1977 ला कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागायला नवऱ्याची सही लागत नव्हती. बाई-माणसाला दर एकच. कामावर लेकरांसाठी सावली आणि पाळणाघराची तरतूद होती. कागदावर होती म्हणा, तरी होती.

1980 ला संजय गांधी निराधार योजना आली. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित बायकांना महिन्याला पैसे मिळू लागले. 2019 ला रक्कम 600 वरून 1000 झाली, 2023 ला 1500. या पैशानं किती घरांची चूल पेटती राहिली, हे मोंढ्यातल्या कोणत्याही किराणा दुकानदाराला विचारा.

आता खरी गोम बघा.

दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर या योजनेला उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला 21 हजार. म्हणजे दिवसाला 57 रुपये. मी साधा हिशोब मांडून बघितला. 2024-25 ला रोहयोचा दर होता 297 रुपये. एकट्या बाईनं हक्काचे 100 दिवस पूर्ण भरले तर होतात 29,700. म्हणजे सरकारनंच दिलेलं काम तिनं इमानदारीनं केलं, तर सरकारच्याच दुसऱ्या योजनेत ती बसत नाही!

आणि 2024 ला आलेल्या लाडक्या बहिणीची मर्यादा किती? अडीच लाख. पैसे तेवढेच, 1500. मग जिच्या घरात कमावणारं दुसरं कुणीच नाही, तिच्यासाठीच रेघ इतकी खाली कशाला?

याचा परिणाम काय होतो, ते सांगायला तज्ज्ञ नको. शिलाईचं काम मिळालं, दुकानात नोकरी लागली, तरी ती नोंदीत येऊ नये असंच बाईला वाटतं. काम आज आहे, उद्या नाही. निराधारचा पगार मात्र एकदा बंद झाला की पुन्हा दाखले, पुन्हा तहसीलच्या चकरा. तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं. तिला आळशी म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा.

1909 ला जे कळलं होतं, ते आज अवघड नाही. माझ्या मते तीन गोष्टी लागतात. एक, 21 हजारांची रेघ वर न्या. दोन, काम लागलं म्हणून पगार लगेच तोडू नका. दोन-तीन वर्षं दोन्ही चालू द्या, पाय रोवू द्या. तीन, कामाच्या ठिकाणी लेकरं सांभाळायची सोय खरोखर करा. आई एकटी असली की लेकरू कुठं ठेवायचं, यावरच रोजगार टिकतो नाही तर तुटतो.

पहिल्या दोन गोष्टी मुंबईत ठरतील. तिसरी मात्र आपल्या ग्रामसभेत मांडता येते. पुढच्या ग्रामसभेला गावातल्या एकल महिलांची यादी मागा, त्यातल्या किती जणींकडं जॉबकार्ड आहे ते विचारा, आणि उत्तर ठरावात लिहून घ्या. तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका.